अणुभट्टीच्या हौदांतील दाटी

चुलींतील विस्तव विझला कीं मागें राहते ती राख. ती भांडीं घासावयास उपयोगी पडते, शेतांत खत म्हणून टाकतां येते, आणि कांहींच न केलें तरी चार दिवसांत वाऱ्यावर उडून जाते. अणुभट्टींतील इंधन जळून निकामी झालें म्हणजे जें मागें राहतें तें मात्र राखेसारखें मुळींच दिसत नाहीं. जी कांडी भट्टींत गेली तीच कांडी, त्याच आकाराची आणि जवळजवळ तितक्याच वजनाची, चार-पांच वर्षांनीं बाहेर येते. जातांना ती कामगारांनीं हातमोजे घालून हाताळलेली असते. येतांना तिच्याजवळ आडोशावांचून कांहीं मिनिटें उभा राहणारा मनुष्य वांचणार नाहीं. या वापरलेल्या कांड्या ठेवावयाच्या कोठें हा अणुशक्तीच्या संसारांतील एक जुना प्रश्न होय. ठेवावयाची जागा भरत आली तेव्हां त्या किती दाटीनें ठेवाव्यात हा त्याच प्रश्नाच्या पोटांतून निघालेला, पण सामान्य लोकांस फारसा परिचित नसलेला दुसरा प्रश्न होय. प्रस्तुत भाषणाचा विषय तो दुसरा प्रश्न आहे.

प्रथम या कांडीची रचना पाहणें इष्ट होईल. युरेनियमच्या ऑक्साइडच्या, भाजून कठीण केलेल्या, बोटाच्या पेराहूनहि लहान अशा वड्या एका लांब नळींत एकावर एक रचलेल्या असतात. नळी झिर्कोनियम नांवाच्या धातूच्या मिश्रणाची असते. कारण हा धातु न्यूट्रॉन फारसे शोषून घेत नाहीं व गरम पाण्यांतहि सहसा गंजत नाहीं. नळीची जाडी करंगळीएवढी आणि लांबी सुमारें १३ फूट. अशा नळ्या सुट्या ठेवीत नाहींत. उसाची मोळी बांधावी त्याप्रमाणें त्यांची चौकोनी मोळी बांधतात. मात्र उसाच्या मोळीप्रमाणें त्या एकमेकींस चिकटलेल्या नसतात. मधून पाणी खेळावें म्हणून दोन नळ्यांमध्यें ठराविक फट राखलेली असते. एका बऱ्याच प्रचारांत असलेल्या प्रकारच्या मोळींत सतरा ओळींत मिळून २६४ कांड्या असतात, आणि मोठ्या भट्टीच्या गाभाऱ्यांत अशा १९३ मोळ्या उभ्या केलेल्या असतात. दर दीड वर्षाच्या सुमारास भट्टी थांबवून यांपैकीं जवळजवळ एक तृतीयांश मोळ्या बाहेर काढतात आणि त्यांच्या जागीं नव्या भरतात.

बाहेर काढलेल्या मोळीस ‘विझलेली’ म्हणावयाचें तें केवळ व्यवहारापुरतें. युरेनियमचा अणु फुटून त्याचे जे तुकडे होतात ते स्वतः अस्थिर असतात. ते किरण फेंकीत फेंकीत हळूहळू स्थिर रूपास येतात, आणि या क्रियेंत उष्णता निघत राहते. भट्टी थांबविण्याची कळ आहे. ही उष्णता थांबविण्याची कळ कोणापाशींहि नाहीं. भट्टी बंद केल्याक्षणीं मूळच्या उष्णतेच्या सुमारें ६ ते ७ टक्के उष्णता निघत असते. एक दिवस गेल्यावर ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. एक वर्ष लोटलें म्हणजे एक टन इंधनांतून सुमारें १० किलोवॅट, म्हणजे खोली गरम करण्याच्या दहा विजेच्या शेगड्यांइतकी उष्णता निघते, आणि दहा वर्षांनीं ती दोन किलोवॅटच्या घरांत उतरते. ही उतरण घाटांतल्या रस्त्यासारखी आहे. आरंभीं ती अतिशय उभी असते आणि पुढें पुढें ती इतकी सपाट होत जाते कीं तिचा शेवट दृष्टीस पडत नाहीं.

म्हणून भट्टीच्या शेजारींच एक खोल हौद बांधलेला असतो. त्याच्या भिंती जाड काँक्रीटच्या असून आंतून पोलादाचा पत्रा बसविलेला असतो. खोली सुमारें ४० फूट. मोळ्या तळाशीं उभ्या ठेवतात, आणि त्यांच्या माथ्यावर २० फुटांहून अधिक पाणी राहील अशी व्यवस्था असते. पाण्याच्या अंगीं येथें दोन गुण एकदमच उपयोगी पडतात. तें उष्णता वाहून नेतें आणि किरण अडवितें. काठावर उभा असलेला कामगार साध्या कपड्यांत खालीं पाहूं शकतो, आणि त्यास नुकत्याच आणलेल्या मोळ्यांभोंवतीं निळसर प्रकाश तेवतांना दिसतो. पाव्हेल चेरेन्कॉव्ह या रशियन शास्त्रज्ञानें १९३४ मध्यें या प्रकाशाचा अभ्यास केला व त्याबद्दल त्यास १९५८ सालीं नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. हौदाचें पाणी सारखें फिरतें ठेवून तें यंत्रांत थंड व स्वच्छ करतात. पाणी आहे तोंपर्यंत सर्व कांहीं शांत असतें.

असें असतां मोळ्या एकमेकींस खेटून ठेवल्या तर बिघडतें काय, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत सहज येईल. त्याचें उत्तर शेगडींतील निखाऱ्यांवरून समजण्याजोगें आहे. निखारे विस्कटून टाकले तर एकेक करून विझतात. तेच जवळ ओढले तर एकमेकांच्या आंचेनें फुलून उठतात. वापरलेल्या इंधनांतहि फुटण्याजोगें युरेनियम सुमारें एक टक्का उरलेलें असतें, आणि भट्टींत तयार झालेलें प्लुटोनियम जवळजवळ तितकेंच असतें. एका अणूंतून सुटलेल्या न्यूट्रॉनानें दुसरा फोडावा, त्यानें तिसरा, अशी सांखळी सुरू होण्यास एवढा सांठा पुरेसा ठरूं शकतो. त्यांत भर म्हणून कांहीं वेळां अर्धवट वापरलेल्या किंवा अगदीं नव्या मोळ्याहि त्याच हौदांत ठेवाव्या लागतात. बाँबसारखा स्फोट यांतून होत नाहीं. परंतु जेथें केवळ शांतपणें निवत पडावयाचें, तेथें नवी उष्णता व नवे किरण उत्पन्न होऊं लागतील, आणि ही गोष्ट कोणत्याहि परिस्थितींत घडूं द्यावयाची नाहीं हा पहिला नियम आहे.

या कामीं पाणी दुहेरी वागतें. न्यूट्रॉन सुटतो तेव्हां अतिवेगवान असतो, आणि वेग मंदावल्यावांचून तो युरेनियमचा अणु सहजासहजीं फोडीत नाहीं. पाण्यांतील हायड्रोजनवर आपटून आपटून त्याचा वेग कमी होतो, म्हणजे थोडें पाणी सांखळीस मदतच करतें. पण दोन मोळ्यांमधील पाण्याचा पट्टा रुंद असेल तर मंदावलेला न्यूट्रॉन पलीकडे पोंचण्यापूर्वीं पाण्यांतच शोषला जातो. आरंभींच्या अभियंत्यांनीं याच गोष्टीचा आश्रय केला. साडेआठ इंच रुंदीच्या मोळ्या त्यांनीं अशा उघड्या मांडण्यांत ठेवल्या कीं एकीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत सुमारें वीस इंच अंतर पडावें. नुसतें अंतर हाच रक्षक होता. या रक्षकास पगार नको, तो झोंपत नाहीं, झिजत नाहीं. दोष इतकाच कीं तो जागा फार अडवितो.

त्या काळीं जागेची चिंता कोणास नव्हती. हौद ही धर्मशाळा होती. मोळ्यांनीं तेथें उतरावें, थोडीं वर्षें विसावा घ्यावा, आणि निवाल्यावर पुढच्या मुक्कामास निघावें अशी योजना होती. पुढचा मुक्काम म्हणजे पुनःप्रक्रियेचा कारखाना. तेथें कांड्या कापून, आम्लांत विरघळवून, उरलेलें युरेनियम व प्लुटोनियम वेगळें काढावयाचें होतें. त्यामुळें अमेरिकेंतील पुष्कळ हौद बांधतांना भट्टीच्या गाभाऱ्यांत मावतात त्याच्या सव्वा-दीडपट मोळ्यांची सोय पुरेशी मानली गेली. गाभारा एखादे वेळीं सबंध रिकामा करावा लागला तर तेवढी जागा आणि वर एकदोन खेपांची भर, एवढाच हिशेब होता.

हा हिशेब चुकला तो इंजिनीयरांच्या चुकीमुळें नव्हे. न्यूयॉर्क संस्थानांतील वेस्ट व्हॅली येथील कारखाना १९६६ मध्यें सुरू होऊन १९७२ मध्यें थांबला. पुढें मे १९७४ मध्यें भारतानें पोखरण येथें अणुस्फोट केला. त्यासाठीं लागलेलें प्लुटोनियम तुर्भें येथील भट्टींतील इंधनांतून पुनःप्रक्रियेनेंच काढलेलें होतें. जळक्या कांड्यांतून शस्त्राचें द्रव्य निघूं शकतें ही गोष्ट त्यामुळें साऱ्या जगास प्रत्यक्ष दिसली. अध्यक्ष कार्टर यांनीं एप्रिल १९७७ मध्यें अमेरिकेंतील व्यापारी पुनःप्रक्रिया बेमुदत तहकूब केली. १९८१ मध्यें ही बंदी उठली तरी पैसा गुंतवावयास कोणी पुढें आलें नाहीं. राजस्थानच्या वाळवंटांत झालेल्या स्फोटाचे पडसाद अशा रीतीनें हजारों मैलांवरच्या हौदांत उमटले. धर्मशाळेचा पुढचा रस्ता बंद झाला, आणि प्रवासी तर दर दीड वर्षानें येतच होते.

दुसरा रस्ता काढण्याचाहि प्रयत्न झाला. १९८२ च्या कायद्यानें अमेरिकन सरकारनें असें वचन दिलें कीं, ३१ जानेवारी १९९८ पासून सरकार हें इंधन ताब्यांत घेऊन जमिनींत खोल पुरण्याची व्यवस्था करील, आणि त्याबद्दल वीज कंपन्यांनीं दर युनिटामागें एक दशांश सेंट द्यावा. १९८७ मध्यें नेव्हाडा संस्थानांतील युका नांवाचा डोंगर त्यासाठीं मुक्रर झाला. कंपन्या पैसे भरीत राहिल्या. तारीख आली आणि गेली. डोंगरांत एकहि मोळी गेली नाहीं. त्या संस्थानाचा कडवा विरोध होता, आणि २०१० च्या सुमारास कामच थांबविण्यांत आलें. वचनभंगाबद्दल कंपन्यांनीं सरकारवर दावे लावले, सरकारास अब्जावधि डॉलर भरपाई द्यावी लागली, आणि २०१४ मध्यें युनिटामागची आकारणीहि बंद झाली.

या सर्व काळांत हौद भरतच होते, आणि हौदाच्या भिंती कांहीं सरकवितां येत नाहींत. मग एकच उपाय उरला. तो म्हणजे त्याच जागेंत अधिक मोळ्या बसविणें. अंतर कमी करावयाचें तर अंतराचें काम दुसऱ्या कोणाकडून तरी करून घेतलें पाहिजे. तें काम बोरॉनकडे सोंपविण्यांत आलें. सोनार दागिन्यास डाग देतांना जो टांकणखार वापरतो त्यांतच हें मूलद्रव्य असतें. बोरॉनच्या दर पांच अणूंपैकीं साधारण एक अणु असा असतो कीं तो मंदावलेल्या न्यूट्रॉनास विलक्षण हांवरेपणानें गिळतो. बोरॉनची भुकटी मिसळलेले पातळ पत्रे दोन मोळ्यांच्या मध्यें उभे केले कीं रुंद पाण्याच्या पट्ट्याची गरज राहत नाहीं. उघड्या मांडण्या जाऊन त्यांच्या जागीं मधमाशांच्या पोळ्यासारख्या कप्प्याकप्प्यांच्या मांडण्या आल्या. मध्यापासून मध्यापर्यंतचें वीस इंचांचें अंतर नऊ-दहा इंचांवर आलें. म्हणजे मोळी आणि कप्प्याची भिंत यांच्यांत बोट शिरेल न शिरेल इतकीच फट राहिली. कांहीं हौदांत मूळच्या योजनेच्या चौपट-पांचपट मोळ्या मावूं लागल्या.

हें काम करावयाचें तें राहत्या घराची दुरुस्ती करण्यासारखें अवघड होतें. हौद रिकामा करणें शक्य नव्हतें. मोळ्या एका बाजूस गोळा करावयाच्या, मोकळी झालेली जुनी मांडणी पाण्यांतून यारीनें उचलावयाची, तिच्या जागीं नवी उतरावयाची आणि मोळ्या पुन्हां इकडे आणावयाच्या, असें करीत करीत सबंध हौद फिरवावा लागे. क्वचित् पाणबुड्यांसहि खालीं उतरवावें लागे. त्यांनीं कोणत्या बाजूस किती हात पुढें जावयाचें हें अगोदर मोजून ठरलेलें असे. शिवाय तळावरचें ओझें कैकपट वाढलें होतें. भूकंप झाला तर या भरलेल्या मांडण्या किती हालतील व भिंतीवर किती आदळतील याचें गणित पुन्हां पहिल्यापासून करावें लागलें.

नवा रक्षक कामास चोख होता, पण तो अंतरासारखा अविनाशी नव्हता. याचा अनुभव लवकरच आला. बोराफ्लेक्स या नांवाचे पत्रे रबरासारख्या सिलिकॉनच्या द्रव्यांत बोरॉनची भुकटी घालून केलेले होते. इंधनाच्या किरणांचा मारा सोसून हें द्रव्य आंखडतें, त्यास मधून मधून फटी पडतात, आणि पुढें पुढें तें पाण्यांत विरघळूंहि लागतें, असें १९८० नंतरच्या दशकांत आढळून आलें. पाण्यांत सिलिका वाढूं लागली हीच त्याची चाहूल होती. अमेरिकेच्या अणुनियंत्रण मंडळानें १९९६ मध्यें अशा सर्व हौदांच्या चालकांस पत्र पाठवून पत्र्यांची तपासणी करण्यास सांगितलें. ॲल्युमिनियमच्या पत्र्यांत बोरॉनची भुकटी दाबून बसविलेला दुसरा प्रकार अधिक टिकाऊ ठरला; त्यावरहि क्वचित् फोड येतात. तेव्हांपासून पत्र्याचे नमुने हौदांतच टांगून ठेवावयाचे व ठराविक मुदतीनें वर काढून त्यांची परीक्षा करावयाची, अशी वहिवाट बहुतेक ठिकाणीं पडली आहे.

याहिपुढची पायरी कागदावर आली. जी मोळी भट्टींत पुरेशी जळली आहे तिच्यांत सांखळी चालविण्याची शक्ति कमी उरते. मग ती नव्या मोळीइतकीच धोक्याची मानावयाचें कारण काय, असा विचार पुढें आला व तो शास्त्रदृष्ट्या रास्तच होता. त्यामुळें कोणती मोळी किती जळली याचा हिशेब ठेवून, फार जळलेल्या मोळ्या अधिक दाट, कमी जळलेल्या विरळ, किंवा बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें आलटून पालटून, अशा ठेवूं लागले. येथें रक्षणाचें काम अंशतः हिशेबाच्या वहीकडे आलें. वहींतील एक आंकडा चुकला आणि मोळी भलत्या कप्प्यांत गेली तर काय, याचें उत्तर म्हणून कांहीं प्रकारच्या हौदांच्या पाण्यांतच बोरॉनचें आम्ल विरघळलेलें ठेवतात. प्रथम अंतर, मग पत्रा, मग हिशेब, असा हा क्रम आहे. दर पायरीस जागा वाचली; आणि दर पायरीस मनुष्याच्या दक्षतेवरचा भार थोडा थोडा वाढला.

मोळ्या जवळ आणून भागत नाहीं असें दिसल्यावर मोळीच सोडावी अशी कल्पना निघाली. पाण्याखालीं लांब हत्यारांनीं मोळीचे बंद काढावयाचे, कांड्या एकेक करून उपसावयाच्या, आणि दोन मोळ्यांतील कांड्या एका मोळीएवढ्या पेटींत खेटून भरावयाच्या. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत याचे प्रयोग झाले. यांत एक चमत्कार वाटण्याजोगी गोष्ट आहे. कांड्या इतक्या जवळ आल्या म्हणजे धोका वाढेल असें वाटतें. वस्तुतः तो कमी होतो. कारण कांड्यांमधील पाणी हुसकलें जातें, न्यूट्रॉन मंद करावयास कोणी उरत नाहीं, आणि सांखळी अडखळते. तरीहि ही रीत रूढ झाली नाहीं. कांड्या रिकाम्या झाल्यावर मोळीचा सांगाडा उरतो, तोहि किरणोत्सर्गी असतो व त्यास ठेवावयास जागा लागतेच. एखादी जुनी नळी उपसतांना फुटण्याचें भय असतें. शिवाय एकेक कांडी हाताळण्याचें काम अत्यंत सावकाश होतें, आणि तोंपर्यंत त्याहून स्वस्त उपाय हातीं आला होता. त्याचा विचार पुढें येईल.

स्वीडनमध्यें हीच दाटी आधींपासून आंखून, एकाच ठिकाणीं केलेली पाहावयास मिळते. तेथील सर्व भट्ट्यांचें इंधन ऑस्करशाम्न जवळच्या एका सामाईक हौदांत आणतात. १९८५ मध्यें सुरू झालेला हा हौद खडक कोरून जमिनीखालीं केलेला आहे. प्रथम तेथील पेटींत एका प्रकारच्या १६ मोळ्या किंवा दुसऱ्या प्रकारच्या ५ मोळ्या बसत. पुढें बोरॉनमिश्रित पोलादाच्या पेट्या आणल्यावर त्याच आकारांत अनुक्रमें २५ व ९ मोळ्या बसूं लागल्या. दाटी वाढली हें खरें. पण ती भट्टीच्या छपराखालीं नव्हे, तर तिच्यापासून वेगळ्या, खडकांत कोरलेल्या गुहेंत वाढली, हा भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील तारापूर येथेंहि या प्रश्नाची झळ लागली. अमेरिकन बनावटीच्या दोन भट्ट्या तेथें १९६९ मध्यें वीज देऊं लागल्या. १९६३ च्या करारानें त्यांतील इंधनाची पुनःप्रक्रिया उभयपक्षांच्या संमतीवर अवलंबून ठेवली होती. अमेरिकेची संमति मिळेना, भारत आपला हक्क सोडीना, आणि दोहोंच्या वादांत मोळ्या हौदांतच राहिल्या. करार १९९३ मध्यें संपला. पण तत्पूर्वींच हौदांत दाट मांडण्या बसविणें व वेगळी सांठवण उभी करणें हे उपाय योजावे लागले. तारापूरच्याच तिसऱ्या व चौथ्या भट्टीचें इंधन मात्र निराळ्या जातीचें आहे. त्यांत नैसर्गिक युरेनियम असतें, आणि तें साध्या पाण्यांत कितीहि दाट रचलें तरी सांखळी सुरू होऊं शकत नाहीं. त्याच्या अर्ध्या मीटर लांबीच्या लहान जुड्या आडव्या तबकांत एकावर एक रचून ठेवतां येतात. तेथें बोरॉनच्या पत्र्याचें कारण पडत नाहीं. प्रश्न उरतो तो फक्त उष्णतेचा व किरणांचा.

आतां दाट मांडणीचा खरा धोका कोणता, तें पाहूं जातां तो पुन्हां पाण्यापाशींच येतो. हौदाचें पाणी कोणत्याहि कारणानें नाहींसें झालें, तर जुन्या उघड्या मांडणींतून निदान हवा तरी मोकळेपणें खेळली असती. बंद कप्प्यांच्या दाट मांडणींत हवेस वाट अपुरी पडते. नुकत्याच आलेल्या मोळ्या तापत जाऊन हजार अंशांच्या आसपास पोंचल्या, तर झिर्कोनियमची नळी हवेंतच पेट घेऊं शकते, ती आग शेजारच्या मोळ्यांस लागूं शकते, आणि मग सीझियमसारखीं द्रव्यें वाऱ्यावर जातील. अमेरिकेंतील सँडिया प्रयोगशाळेनें १९७९ मध्यें या धोक्याची छाननी केली होती. पुढें तेथील राष्ट्रीय विज्ञान परिषदेचा अहवाल २००५ मध्यें लोकांपुढें आला. त्यांत साधे उपाय सुचविले होते. नव्या, गरम मोळीच्या चारी बाजूंस जुन्या, निवालेल्या मोळ्या ठेवाव्यात, म्हणजे त्या तिची उष्णता वांटून घेतील. आणि हौदावर पाण्याचे फवारे मारण्याची स्वतंत्र सोय असावी.

हा धोका केवळ कागदी नाहीं हें मार्च २०११ मध्यें जपानांत दिसलें. फुकुशिमा येथील चौथी भट्टी तपासणीसाठीं आधींच थांबलेली होती, आणि तिच्या गाभाऱ्यांतील सर्व मोळ्या हौदांत आणून ठेवलेल्या होत्या. वर-खालच्या मजल्यांच्या इमारतींत उंचावर असलेल्या त्या एका हौदांत १,५३५ मोळ्या होत्या. त्यांपैकीं २०४ नव्या होत्या. ११ मार्चच्या भूकंपानें व लाटेनें वीज गेली, पाणी थंड करणारीं यंत्रें बंद पडलीं, आणि १५ मार्च रोजीं त्या इमारतीचें छप्पर स्फोटानें उडालें. हौद कोरडा पडला अशी भीति साऱ्या जगांत पसरली. अमेरिकन अधिकाऱ्यांनीं तसें जाहीरहि केलें. बांधकामांत काँक्रीट उंच चढविण्याच्या लांब सोंडेच्या गाड्या आणून वरून पाणी सोडण्यांत आलें. पुढें तपासांत दिसलें कीं हौद कोरडा पडलेला नव्हता. शेजारच्या विहिरीसारख्या कुंडांत दुरुस्तीच्या कामासाठीं पाणी भरून ठेवलेलें होतें, आणि त्यांतील पाणी मधल्या दारांतून हौदांत उतरलें असावें, असा निष्कर्ष निघाला. स्फोटाचा वायुहि हौदांतील नव्हे, शेजारच्या भट्टींतून सामाईक नळानें आलेला होता. संकट टळलें, पण तें अंशतः योगायोगानें टळलें. २०१४ च्या अखेरीपर्यंत तेथील सर्व मोळ्या सुखरूप बाहेर काढण्यांत आल्या.

त्याच आवारांत एक दुसरी गोष्ट घडली. तिची वाच्यता मात्र फार थोडी झाली. ४०८ जुन्या मोळ्या नऊ पोलादी पिंपांत कोरड्या ठेवलेल्या होत्या. लाटेचें पाणी त्या इमारतींत शिरलें, सामान वाहून आलें. पिंपें जागच्या जागीं राहिलीं आणि आंतील मोळ्या शाबूत सांपडल्या. हाच तो मघाशीं सांगितलेला स्वस्त उपाय. निदान पांच वर्षें हौदांत निवालेल्या मोळ्या जाड पोलादाच्या पिंपांत भरतात, आंत हेलियम वायु भरून झांकण पक्कें करतात, आणि पिंप उघड्यावर काँक्रीटच्या ओट्यावर किंवा काँक्रीटच्या आवरणांत ठेवतात. त्यास पंप नाहीं, वीज नाहीं. भोंवतालची हवा गरम होऊन वर जाते व थंड हवा तिची जागा घेते, एवढीच योजना. अमेरिकेंत व्हर्जिनियांतील सरी येथें १९८६ मध्यें ही पद्धत प्रथम सुरू झाली.

मग सर्व जुन्या मोळ्या ताबडतोब पिंपांत कां भरूं नयेत? हा वाद तज्ज्ञांतहि आहे. एक पक्ष म्हणतो, हौदांतील दाटी कमी करावी, म्हणजे अपघात झालाच तरी हानि थोडी होईल. दुसरा पक्ष म्हणतो, मोळ्या हलविण्यांतहि कामगारांस किरणांचा उपसर्ग होतो व खर्च पडतो. उष्णतेचा मोठा भाग नव्या मोळ्यांतच असतो, त्या तर हौदांतच राहणार. आणि हौद फुटण्याचा संभव फार अल्प आहे. अमेरिकेच्या नियंत्रण मंडळानें २०१४ मध्यें दुसऱ्या पक्षाचें मत मान्य केलें व घाई करण्याची सक्ति केली नाहीं. त्यामुळें तेथें सामान्यतः हौद दाट भरलेलाच राहतो, आणि नवी मोळी यावयाची झाली कीं तेवढ्यापुरती जुनी पिंपांत जाते. त्या देशांत असें सुमारें ९०,००० टन इंधन सांठलें आहे, आणि त्यांत दरवर्षीं सुमारें २,००० टनांची भर पडत आली आहे.

फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑल्किलुओटो येथें सुमारें १,४०० फूट खोल, जुन्या कठीण खडकांत भुयारें खोदण्यांत आलीं आहेत. तांब्याच्या पेट्यांत मोळ्या घालून, भोंवतीं विशिष्ट चिकणमाती भरून, त्या कायमच्या बुजवावयाच्या अशी ती योजना आहे. खोदकाम २००४ मध्यें सुरू झालें, आणि खऱ्या इंधनावांचून करावयाची रंगीत तालीम २०२४ मध्यें सुरू झाली. खोदण्यास आरंभ करण्यापासून तालमीस वीस वर्षें लागलीं, आणि त्यापूर्वीं जागा निवडण्यांतहि बरींच वर्षें गेलीं होतीं. यावरून, ज्या देशांनीं अद्यापि जागाहि ठरविलेली नाहीं त्यांच्या हौदांस किती काळ भार वाहावा लागेल याचा अंदाज कोणासहि करतां येईल.

दाट मांडणी ही युक्ति म्हणून खोटी नाहीं. ती शास्त्रशुद्ध आहे, आणि आजवर तिनें पुष्कळ देशांची अडचण निभावून नेली आहे. परंतु तिनें जें विकत घेतलें तें जागा नसून वेळ होता, आणि वेळेचें मोल पत्र्याच्या तपासणीनें, वहीच्या अचूकपणानें व पंपाच्या अखंड फिरण्यानें दररोज द्यावें लागतें. मोळी आपली धग कमी करीत जाते ती आपल्या गतीनें. तिला घाई नाहीं. हौद मात्र धर्मशाळा म्हणून बांधलेला आहे, आणि चार रात्रींसाठीं आलेल्या वाटसरूंनीं तेथें संसार थाटला आहे. धर्मशाळेंत आणखी चार माणसें कशीं झोंपवावींत याचें कौशल्य मनुष्यानें चांगलें मिळविलें. त्यांच्या पुढच्या मुक्कामाचा रस्ता बांधण्याचें काम बहुतेक ठिकाणीं अजून व्हावयाचें आहे.